धुरीसाठी लाकूड निवडताना आधी त्याचा पूर्वेतिहास विचारा

पत्र : घरामागच्या मोकळ्या जागेत झाकणाच्या लोखंडी पिंपात कोंबडी, मासे आणि पनीर यांना धुरी देण्याचा व निखाऱ्यांवर भाजण्याचा छंद मला काही महिन्यांपूर्वी लागला. माझ्याकडे सध्या बरेच लाकूड साठले आहे : सामानाबरोबर आलेल्या पॅलेटच्या (माल रचून उचलण्यासाठीच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या, जुन्या सागवानी दाराची चौकट, ओळखीच्या सुताराने दिलेला पोतेभर भुसा आणि आवारातील झाडांची नुकतीच छाटलेली फांद्यांची रास. या राशीत पेरू, आंबा, सुरू आणि कुंपणाची कण्हेर अशी सरमिसळ आहे. मागच्या खेपेस मी ताज्या फांद्याच वापरल्या. कोंबडी कडू झाली आणि जीभ काही वेळ बधिर झाल्यासारखी वाटली. यांपैकी कोणते लाकूड सुरक्षित आहे? पावसात पिंप बंदिस्त पडवीत घेतले तर चालेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या ढिगातले बहुतेक लाकूड वापरण्याजोगे नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आशा लागून राहणार नाही. जे वापरता येईल, तेही आज नव्हे, आणखी सहा महिन्यांनी. धुरीसाठी लाकूड शोधणारा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो झाडाच्या जातीचा. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा की, झाड तोडल्यापासून आजपर्यंत या लाकडाच्या वाट्याला काय काय आले. जात उत्तम असूनही लाकूड विषारी असू शकते, कारण मधल्या काळात त्यावर रंग, जंतुनाशक, डिंक किंवा तेल यांपैकी काहीतरी चढलेले असते आणि जळताना ते सगळे धुरात येते. जे झाड मला ओळखता येत नाही किंवा ज्याचा झाडापासून पिंपापर्यंतचा प्रवास मला ठाऊक नाही, ते लाकूड अन्नाखाली घालायचे नाही, एवढा एकच नियम मी कसोशीने पाळतो.

पॅलेटच्या फळ्या या नियमात पहिल्याच फटक्यात बाद होतात. त्यांच्या कडेला गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि काही अक्षरे असलेला शिक्का असेल तर तो नीट पाहा. परदेशी मालाबरोबर लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत, म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले गेले, त्याचा हा शिक्का आहे. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेला असतो. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ‘एमबी’ची फळी शेकोटीतसुद्धा घालू नये. आता ‘एचटी’ची फळी तरी घ्यावी का, असा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि अनेक जण ती निर्धास्तपणे घेतातही, पण तो शिक्का लाकडातली कीड मेल्याची ग्वाही देतो, त्या फळीवरून पुढे काय वाहून नेले गेले आणि त्यावर काय सांडले, याची नाही. कीटकनाशकाचा फुटलेला एखादा डबा फळीत किती खोल मुरला असेल, हे शिक्का पाहून कळत नाही. शिक्काच नसेल तर बोलायलाच नको.

बाहेरच्या कामाचे, म्हणजे कुंपणाचे, बागेतल्या बाकाचे किंवा जमिनीत पुरलेल्या खांबाचे लाकूड कोणी देऊ केले, तर ते आणखी निग्रहाने नाकारा. क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने लाकडात भरून त्याला वाळवी व बुरशीपासून वाचवण्याची पद्धत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधली आणि पुढे ती जगभर पसरली. लाकूड टिकवण्याच्या दृष्टीने ती इतकी यशस्वी ठरली की, तिचे दोष पुढे यायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असे लाकूड देणे २००३ च्या अखेरीस थांबवले. नवे असताना या लाकडावर हिरवट झाक असते, पण काही वर्षे उन्हापावसात काढल्यावर ते कोणत्याही जुन्या लाकडासारखे राखाडी दिसते, आणि खरा धोका तिथेच आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्यामुळे ते जळून नाहीसे होत नाही; काही धुरात जाते, उरलेले राखेत साठते. विस्कॉन्सिन राज्यातील एका कुटुंबाने हिवाळ्यात घरातल्या शेगडीत असे लाकूड जाळले आणि घरातल्या माणसांना दर हिवाळ्यात केस गळण्यापासून झटके येण्यापर्यंतचे त्रास होत राहिले, अशी नोंद १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.  रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचेही तेच. त्यांत डांबरापासून काढलेले क्रिओसोट हे विषारी तेल मुरवलेले असते.

दाराच्या चौकटीवर कधीकाळी रंग किंवा व्हार्निश लागले असणारच. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, आणि रंधा मारून वरचा थर काढला तरी सांध्यांत व भेगांत रंग उरतोच. शिवाय सागवान टिकाऊ असते ते त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे. त्याच्या भुशाने सुतारांच्या कातडीला खाज सुटते. ज्या गुणांमुळे लाकूड दारासाठी उत्तम ठरते, ते गुण जेवणाच्या धुरात नको असतात. चौकट कोणाला पुन्हा वापरायला देऊन टाका.

सुताराचा भुसा त्याने मोठ्या आपुलकीने दिला असेल, पण त्याच्या करवतीखाली दिवसभरात प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला पत्रा), सनमायका लावलेल्या फळ्या आणि अस्सल लाकूड असे सगळेच जाते. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्यातला गोंद सहसा फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनापासूनच्या राळेचा असतो. पोत्यातला भुसा मूठभर घेऊन उन्हात पाहा. बारीक, पिठासारखा, एकसारख्या फिकट तपकिरी रंगाचा भाग दिसला तर तो बहुधा एमडीएफचा. तो निवडून वेगळा काढता येत नाही, म्हणून सगळे पोतेच बाद. इलेक्ट्रिक साखळी करवतीने ओंडके कापल्यावर खाली पडणारा भुसाही मी घेत नाही, कारण साखळीला सतत लागणारे तेल त्यात मिसळलेले असते. भुसा हवाच असेल तर आपल्याच ओळखीच्या सुक्या लाकडाचा हातकरवतीने पाडावा, किंवा कुऱ्हाडीने पातळ ढलप्या काढाव्यात. पिंपासाठी ढलप्याच जास्त सोयीच्या, कारण भुसा भपकन पेटून संपतो.

आता तुमच्या आवारातील फांद्यांकडे येऊ, कारण जातीचा विचार इथे खरोखर करावा लागतो. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोहोंपासून धुराला गोडसर वास आणि पदार्थाला तो तांबूस रंग मिळतो. लिग्निन तापून फुटले की ग्वायकोल आणि सिरिंगोल ही द्रव्ये निघतात आणि ज्याला आपण ‘धुराची चव’ म्हणतो ती प्रामुख्याने त्यांची असते. रुंद पानांच्या झाडांत ही दोन्ही द्रव्ये देणारे लिग्निन असते. पाइन, देवदार, फर यांसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनमधून मुख्यतः ग्वायकोल निघते, शिवाय लाकडात राळ भरलेली असते. राळ काजळी धरत जळते आणि पदार्थावर चिकट, टर्पेंटाइनच्या वासाचा लेप बसतो. सिडरच्या फळीवर मासा ठेवून भाजण्याची पद्धत आहे, पण तिथे फळी भिजवून नुसती तापवायची असते, जाळायची नसते.

इथे नावांनी फसगत होते. सुरूची पाने सुईसारखी दिसतात म्हणून लोक त्याला सूचिपर्णी समजून टाकून देतात. प्रत्यक्षात ते सपुष्प झाड आहे, त्यात राळ नसते आणि त्याचे जळण उत्तम समजले जाते. तुमच्या सुरूच्या फांद्या निखाऱ्यांसाठी जरूर ठेवा. उलट सिल्व्हर ओकच्या नावात ओक आहे, म्हणून ते धुरीला चांगले असा समज होतो, पण ओकशी त्याचा काडीचाही संबंध नाही; त्याच्या चिकातील द्रव्ये कातडीवर पुरळ उठवणाऱ्या जातीची आहेत. ज्या ओकची धुरीसाठी ख्याती आहे, ते झाड निराळे.

पेरू हा तुमच्या राशीतला सर्वांत मोलाचा माल आहे. लाकूड घट्ट, राळ नाही, धूर सौम्य आणि किंचित गोड. मासे आणि पनीर यांना तो फार शोभतो. सफरचंद, चेरी, पेअर या झाडांची कीर्तीही अशीच. फळझाडांबाबत एक सावधगिरी मात्र घ्यावी : बागेतल्या झाडांवर फवारणी होते आणि औषध सालीत साचते. फांदी आपल्याच आवारातली आणि न फवारलेली असेल तर उत्तम. बाहेरून आणलेली असेल तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचारा, आणि साल काढूनच वापरा. बाभूळ आणि चिंच यांचे लाकूड जड, निखारे दीर्घकाळ टिकणारे, म्हणून भाजण्याला चांगले. अमेरिकेतले मेस्किट हे काटेरी झाड वेड्या बाभळीचे अगदी जवळचे नातलग आहे आणि दोघींचा धूर तिखट असतो. पटकन भाजायच्या मांसाला तो खुलवतो, पण चार तास धुरी द्यायची असेल तर कडवटपणा हमखास येतो.

आंब्याबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. कैरी खाताना ओठाला चीक लागून उठणारे फोड, काजूच्या टरफलाच्या तेलाने सोलणारे हात आणि बिब्बा उतणे, या तिन्हींमागे एकाच वर्गातली द्रव्ये आहेत. आंब्याच्या लाकडाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबणारा असल्याची नोंद वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही आहे. कितीतरी चुलींत आंब्याचे सरपण वर्षानुवर्षे जळत आले आहे हे खरे, परंतु भांड्याखाली जळणे आणि बंद झाकणाखाली पदार्थाला तासन्‌तास त्याच धुरात ठेवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेरू हाताशी असताना आंबा घालण्याचे मला कारण दिसत नाही, आणि घरात कोणाला कैरीचा चीक बाधत असेल तर मुळीच घालू नये. बिब्ब्याचे लाकूड तर जाळायचेच नाही. त्या वर्गातली द्रव्ये धुरावाटे फुप्फुसात गेली तर प्रकरण पुरळावर थांबत नाही.

कण्हेर मात्र आज संध्याकाळीच राशीतून वेगळी काढा. तिच्या पानांपासून लाकडापर्यंत सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. पिवळ्या कण्हेरीचे आणि रुईचेही तसेच. कण्हेरीच्या काड्यांवर मांस भाजून खाल्ल्याने सैनिक मेल्याची एक जुनी गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती खरी मानायला भक्कम आधार नाही, आणि अशा काड्यांवर सॉसेज भाजून तपासले असता त्यात उतरलेले विष नगण्य आढळले. तरीही मी तुम्हाला ती वापरू देणार नाही, कारण तो प्रयोग काडीचा होता. चिरलेले लाकूड पेटवून त्याच्या धुरात अन्न आणि माणूस दोघांनाही बसवणे ही त्याहून फार वेगळी बाब आहे. छाटलेल्या फांद्यांची पाने एकदा गळली की पेरू आणि कण्हेर वेगळे ओळखणे अवघड होते, म्हणून घाई करा. पेरूची साल गुळगुळीत असते, पापुद्रे सुटून खाली हिरवट-तांबूस डाग दिसतात आणि लाकडाचा भार हाताला जाणवतो. कण्हेरीची काडी सरळ, हलकी आणि मोडल्यावर चिकट रस सोडणारी असते. शंका आली ती फांदी बाद. शेर, निवडुंग यांसारखी दुधाळ चिकाची झाडे आणि निलगिरीसारखी उग्र तेलाची झाडेही दूर ठेवावीत. निलगिरीच्या धुराने कोंबडीला सर्दीच्या मलमाचा वास येतो.

आता तुमच्या कडू कोंबडीचे. माझ्याही हातून सुरुवातीला हेच झाले होते. छाटणीनंतर चारच दिवसांनी मी पेरूची फांदी पिंपात घातली, दाट पांढरा धूर निघाला तेव्हा त्याचे कौतुकही केले, आणि दोन तासांनी पनीर काढले तर त्याला विझलेल्या चुलीची चव होती. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते उडवण्यात आगीची उष्णता संपते, लाकूड अर्धवट जळते आणि दाट धुरातला डांबरी अंश गार पदार्थावर व झाकणाच्या आतल्या बाजूवर साचतो. जीभ बधिर करणारा तो हाच. पाणी १५ ते २० टक्क्यांवर आले की लाकूड तयार झाले असे समजावे. त्यासाठी ओंडक्याची मनगटाएवढी कांडकी फोडून, जमिनीपासून उंचावर, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल अशी रचून सहा महिने ते वर्षभर ठेवावी लागतात. दोन कांडकी एकमेकांवर आपटून पाहा : सुके लाकूड खणखणीत वाजते, ओले भद्द करते. टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात आणि साल नखाने सुटते. बुरशी धरलेले कांडके मात्र सुकले तरी घेऊ नका.

पदार्थ ठेवण्याआधी एक छोटी परीक्षा घेता येते. पिंपाच्या धुराड्यावर स्वच्छ स्टीलची ताटली चिमट्याने मिनिटभर धरा. तिच्यावर बोटाला चिकटणारा तपकिरी लेप बसला तर आग अजून सुधारायची आहे. झडपा उघडा, हवा जाऊ द्या आणि धूर पातळ, निळसर होईपर्यंत थांबा. ढलप्या पाण्यात भिजवून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मी देत नाही. पाणी ढलपीत वरवरच शिरते, आधी वाफ होते आणि मग धूर. तुम्हाला उशीर तेवढा होतो.

योग्य लाकूड सुके असूनही धुरात सर्वस्वी निरुपद्रवी असे काही नसते, हे सांगायला हवे. धुरात बहुचक्रीय हायड्रोकार्बने, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणारी घातक संयुगे, असतात; त्यांतील बेंझोपायरीन हे कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या द्रव्यांत, गणले जाते, आणि युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसातील त्याची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. लाकूड जितके जास्त तापते, तितकी ही द्रव्ये वाढतात, आणि चरबी निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडाला की आणखी वाढतात. म्हणून निखारे पिंपाच्या एका बाजूला, पदार्थ दुसऱ्या बाजूला आणि त्याखाली चरबी झेलायला थाळी, अशी मांडणी ठेवा. करपलेला भाग काढून टाका, आणि धुरावलेले पदार्थ रोजचे जेवण होऊ देऊ नका. पेटवायला रॉकेल, प्लास्टिक किंवा छापील गुळगुळीत कागद वापरू नका. निखाऱ्यांसाठी कोळसा विकत घ्यायचा झाला तर तो लोणारी, म्हणजे लाकडी, कोळसाच हवा; दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते आणि त्याचे स्थान अन्नाखाली नाही.

पडवीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. जळत्या लाकडातून आणि त्याहून अधिक निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि डोके जड झाल्याचे कळेपर्यंत माणसाची उठून बाहेर जाण्याची शक्ती गेलेली असू शकते. खिडकी उघडी ठेवल्याने किंवा पंखा लावल्याने तो धोका टळत नाही. धूर दिसेनासा झाला, ज्वाळा शमली आणि निखाऱ्यांवर राख चढली की पिंप आत घेण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच अवस्थेत हा वायू निघत असतो. पाऊस आला तर झडपा आणि झाकण बंद करून पिंप आहे तिथेच उघड्यावर राहू द्या आणि पदार्थ आत नेऊन चुलीवर शिजवून घ्या. राख दुसऱ्या दिवशी झाकण असलेल्या धातूच्या बादलीत काढा आणि ती बादलीही दोन दिवस घराबाहेरच राहू द्या, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात विस्तव सहज टिकून राहतो.